व्हीगन घरातली मांजर काय खाते?

साय, म्हणजे आमची मांजर, घरी आली त्या आठवड्यात मी सहा वर्षांनी ठाण्याच्या मासळी बाजारात पाऊल टाकलं. सहा वर्षं म्हणजे मी व्हीगन झाल्यापासून. पाव किलो मांदेली मागितली तेव्हा ओळखीच्या मावशींनी मान वर करून बघितलं. "काय गं, चालू केलंस परत?" म्हटलं, माझ्यासाठी नाही, मांजरीसाठी. मावशी खळखळून हसल्या. "मग तिच्या गळ्यात माळ नाही घातलीस?"

माळकरी मांजर! घरी येऊन सांगितलं तेव्हा सगळे हसले, मीही हसले. पण मावशींनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. जी बाई म्हशीचं दूध पीत नाही, ती मांजरीसाठी मासे विकत घेते, हे कसं? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: प्राणी माणसाच्या वापरासाठी नाहीत असं मानणाऱ्याने घरात प्राणी ठेवावाच का?

शाकाहारी आणि व्हीगन यात आपल्याकडे फार घोळ होतो, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तयार केला. 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाचं डोकं आणि शेपूट घेतलं, मधलं पोट काढून टाकलं. मांस-मासे-अंडी नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप, मध, चामडं, रेशीमही नाही. मात्र हा उपास किंवा सोवळं नाही. प्राण्यांचा वापर आणि छळ 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितका' टाळायचा, असं व्हीगनपणाच्या रूढ व्याख्येतच म्हटलेलं आहे. हे शब्द लक्षात ठेवा, मांजरीपाशी आलो की लागतील.

आता पाळण्याबद्दल. व्हीगन विचार करणाऱ्यांमध्येच यावर दोन तट आहेत. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक गॅरी फ्रॅन्सिऑन म्हणतात की पाळीव प्राणी ही कल्पनाच चुकीची आहे. खाणं कधी, बाहेर जाणं कधी, पिल्लं व्हायची की नाहीत, सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर, असा जीव माणसाने हजारो वर्षं निवड करून मुद्दाम घडवला. तेव्हा यापुढे त्यांची पैदास थांबवावी. पण हेच फ्रॅन्सिऑन स्वतः सोडून दिलेली कुत्री घरी आणून सांभाळत आले आहेत, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही. जे जन्माला आले आहेत त्यांची जबाबदारी आपलीच, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे कॅनडातले सू डोनाल्डसन आणि विल किम्लिका २०११ च्या त्यांच्या पुस्तकात म्हणतात की इतकी वर्षं आपल्यात राहिलेल्या जनावरांना आता संपवायची भाषा कशाला, त्यांना समाजाचे सदस्य माना आणि सदस्याचे हक्क द्या.

मला दोन्ही पटतात आणि दोन्हींचा त्रास होतो. पण रोजच्या जगण्यात या दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: प्राणी ही विकत घ्यायची वस्तू नाही, आणि जो आता तुमच्या दारात आहे त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. मराठीत बरं आहे, मालक आणि पालक हे दोन शब्द एका अक्षराने वेगळे आहेत. कायदा अजून आपल्याला मालकच म्हणतो.

विकत घेण्यावर आक्षेप का? पैसे देऊन पिल्लू आणलं की दुकानाची रिकामी झालेली जागा भरायला आणखी एक वीण होते. त्या पिल्लाची आई कुठे आहे हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम चांगले आहेत. पण फोनवर फोटो पाठवून रेल्वे स्टेशनबाहेर खोक्यातून पिल्लू हातात देणारा माणूस नोंदणीचा कागद दाखवत नाही, आणि तो कागद मागणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आणि जात. इथे मी जरा चिडूनच लिहिते. २००० नंतरच्या काही वर्षांत एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा एका मुलाच्या मागे मागे फिरायचा. गोड होता. त्यानंतर गल्लोगल्ली पग दिसायला लागले. पगचं तोंड चपटं करत करत माणसाने इतकं आखडलं, की आतली मऊ टाळू मात्र पूर्वीएवढीच राहून श्वासाच्या वाटेत लोंबते. नाकपुड्या बारीक चिरेसारख्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याची श्वासाची वाटच अर्धी बुजलेली, त्याने एप्रिलमध्ये नागपुरात काय करायचं? लोकांना गोड वाटतं ते घोरणं म्हणजे हवेसाठीची धडपड असते. हस्कीचं दुखणं उलटं, बर्फासाठी बनलेला दुहेरी केसांचा कोट आणि वर मुंबईची दमट हवा. मग एसी लावायचा आणि वीज गेली की घाबरायचं.

तुलनेने आपला गावठी कुत्रा बघा. आखूड केस, लांब नाक, उभे कान, इथल्याच हवेत घडलेला. आमचा बंड्या सोसायटीच्या मागच्या नाल्यापाशी सापडला. जात विचारली की मी 'ठाणेकर' सांगते.

आता मांजर.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, शरीराच्या यंत्रणेचा आहे. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजरीला ते जमत नाही, तिला तयार अ जीवनसत्त्व लागतं. अर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल एका जेवणात जरी नसलं तरी तिच्या रक्तात अमोनिया साठून काही तासांत ती अत्यवस्थ होऊ शकते. आणि सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट टॉरिनची. टॉरिन हे पोषकद्रव्य मांस-माशांत असतं, वनस्पतींत जवळजवळ नाहीच, आणि मांजर ते स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होऊन ती आंधळी होते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात.

यातली हृदयाची बाजू १९८७ मध्ये कळली. कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिस इथे पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून मरणाऱ्या मांजरींच्या रक्तात टॉरिन फार कमी आहे, आणि ते दिलं तर हृदय सुधारतं. गंमत अशी की या मांजरी चांगलं नावाजलेलं, मांस असलेलं तयार खाद्यच खात होत्या. त्यातलं टॉरिन त्यांना पुरत नव्हतं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं, आणि हे वरून घातलेलं टॉरिन कारखान्यात बनतं, कुठल्या प्राण्यातून काढलेलं नसतं.

इथे व्हीगन माणसाचे कान टवकारतात. टॉरिन कारखान्यातून येऊ शकतं, तर बाकीचं सगळंही वरून घालून वनस्पतींवरचं मांजर-खाद्य का होऊ नये? होऊ शकतं, आणि परदेशात विकलंही जातं. कागदावर हिशेब जुळतो. पण मांजरीच्या आतड्यात तो किती जुळतो, हे तपासणारे दीर्घकाळाचे अभ्यास फार थोडे आहेत. जे आहेत त्यांतले बरेचसे पालकांना 'तुमची मांजर कशी आहे' असं विचारून केलेले. वनस्पतींच्या आहाराने मांजरीची लघवी अल्कधर्मी होण्याकडे झुकते, त्यात खडे धरतात, आणि बोक्याची लघवी तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. माझ्या तत्त्वासाठी हा प्रयोग मी सायवर करणार नाही. तिने तत्त्व स्वीकारलेलं नाही.

म्हणून 'शक्य आणि व्यवहार्य'. साय मांस खाते आणि त्यासाठी कुणीतरी मरतं, याला मी दुसरं गोंडस नाव देत नाही. मला जे करता येतं ते एवढंच: मी मांजर शोधायला गेले नव्हते, ती पावसात एका गाडीच्या बॉनेटमध्ये अडकलेली सापडली. दुसरी आणणार नाही. तिला पिल्लं होणार नाहीत. बाल्कनीला जाळी आहे, त्यामुळे तिच्या जेवणात आमच्या कुंडीतली चिमणी वाढत नाही आणि सायही पाचव्या मजल्यावरून पडत नाही. एखाद्या व्हीगनला हे जमणारच नसेल, घरात मांस आणणं सहनच होत नसेल, तर त्याने मांजर घेऊ नये. हे सरळ उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही.

मांदेलीचं पुढे काय झालं तेही सांगते. व्हेटने पहिल्याच भेटीत झापलं. नुसत्या माशांवर मांजर वाढत नाही, कच्च्या माशाने काही वेळा ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि नुसता मासा म्हणजे कॅल्शियमची बोंब. आता ती मुख्यतः पाकिटातलं संपूर्ण आहाराचं खाद्य खाते, मासा उकडून, काटे काढून, महिन्यातून एखाददा. नाव साय ठेवलं ते सासूबाईंनी, रंगावरून. दूध न येणाऱ्या घरात साय! पण दूध तिलाही मिळत नाही आणि त्यात माझा आडमुठेपणा नाही. बहुतेक मोठ्या मांजरींना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. मांजर आणि दूध ही जोडी गोष्टीच्या पुस्तकात राहू दे.

कुत्र्याचं प्रकरण निराळं आहे. माणसाच्या उकिरड्यावर आणि चुलीशेजारी हजारो वर्षं राहून त्याचं पोटच बदललं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. भात-पोळी खाण्याची ही तयारी. बहुतेक कुत्री टॉरिनही स्वतः बनवतात. २०२४ मध्ये ब्रिटनच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने कुत्र्यांच्या वनस्पतिजन्य आहाराला असलेला जुना विरोध सोडला. नीट तोलून बनवलेला असेल तर असा आहार चालू शकतो, असं त्यांनी म्हटलं. मांजरीबद्दल मात्र त्यांनी अशी सूट दिली नाही.

'नीट तोलून' हे दोन शब्द आपल्याकडे गळून पडतात. वरण-भात म्हणजे तोललेला आहार नव्हे. त्यात कॅल्शियम कमी, जस्त कमी, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व नाहीच, मिथिओनीन हे अमिनो आम्ल तोकडं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये डाळी-वाटाणे भरपूर असलेल्या काही कुत्रा-खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, हे तपासायला घेतलं. थेट कारण सिद्ध झालं नाही, पण डाळीवर सगळा भरवसा ठेवायला नको एवढं मी त्यातून घेतलं. बंड्या वनस्पतींवरचं संपूर्ण खाद्य खातो, सोबत उकडलेला भोपळा, सोयाबीन आणि भात. वर्षातून एकदा रक्त तपासतो. वाढीच्या वयातलं पिल्लू, गाभण कुत्री किंवा आजारी जनावर असेल तर हा खटाटोप करू नका. आणि त्याला हे मानवलं नसतं तर सायसारखंच त्यालाही मांस मिळालं असतं.

कांदा-लसूण मात्र कुठल्याच कुत्र्या-मांजराला नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपली रोजची फोडणीची आमटी बाद. बेदाणेही नकोत, काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी होतात, तेव्हा प्रसादाचा शिराही नाही. चॉकलेट नाही. आणि मांजर तापली म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. एका गोळीने मांजर मरू शकते.

दूध-पोळीबद्दल लोक मला सगळ्यात जास्त टोकतात. "अहो, कुत्र्याला तरी दूध द्या!" म्हैस रेडकाला जन्म दिल्याशिवाय दूध देत नाही. रेडकू नर निघालं तर ते पुढे दूध देणार नाही आणि ओढकामालाही आता फारसं कुणी ठेवत नाही. मग त्याचं काय होतं हे तबेल्यात विचारून बघा, बहुतेक जण विषय बदलतात. एका जनावराला लाडाने खायला घालताना दुसऱ्याच्या पिल्लाच्या तोंडचं काढायचं, हे मला जमत नाही, एवढंच. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा 'कोरडी खाऊ नका' म्हणत संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बंड्याच्या पोळीला शेंगदाण्याचं तेल लावलेलं असतं. नामदेवांच्या कुत्र्याचं नशीब थोर होतं, असं सासूबाई त्याला ऐकवतात.

नसबंदीवर व्हीगन गटांतही वाद होतात. त्याची संमती कुठे घेतली, शरीर त्याचं, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण कुत्री आणि मांजर दोघींचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, आणि मांजर सहा महिन्यांची व्हायच्या आत गाभण राहू शकते. त्या पिल्लांना घरं कुठून आणायची? शिवाय नसबंदी न झालेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनाच्या गाठींचा धोका राहतो. नसबंदी नव्हती तेव्हा शहरांनी काय केलं ते इतिहासात आहे. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारच्या माणसांनी मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा धडाका लावला तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, दुकानं बंद राहिली. पुढेही दीडशे वर्षं ठिकठिकाणच्या नगरपालिका कुत्री मारतच राहिल्या, आणि कुत्री काही संपली नाहीत. चेन्नईच्या ब्लू क्रॉसने १९६४ मध्ये मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीचा आग्रह धरला, तो केंद्राच्या नियमांत यायला २००१ उजाडलं. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाचा तुकडा कापलेला दिसला तर ती इजा नाही, नसबंदी झाल्याची खूण आहे.

कायद्याचं थोडं. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्याचं अकरावं कलम वाचण्यासारखं आहे. फार आखूड किंवा जड साखळीने जास्त वेळ बांधणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, पुरेसं अन्नपाणी-निवारा न देणं, कारण नसताना सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत. म्हणजे बंगल्याच्या फाटकाशी वर्षानुवर्षं साखळीला असलेला 'राखणदार' हा गुन्हाच. दंड? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. इतक्या वर्षांत दहा रुपये अजून दहाच आहेत. या कायद्याला खरं बळ दिलं ते सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लिकट्टूच्या निकालात. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार, भीती यांपासून मुक्ती आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, या 'पाच मुक्ती' न्यायालयाने प्राण्यांचे हक्क म्हणून मांडल्या. मुळात त्या ब्रिटनमध्ये कोंबड्या, डुकरं, वासरं कशी कोंडली जातात याची चौकशी करताना सुचल्या होत्या, घरातल्या कुत्र्यासाठी नव्हे. गोठ्यातल्या जनावरांसाठी लिहिलेले हक्क आपण सोफ्यावरच्या कुत्र्याला दिले आणि गोठ्यातल्यांना विसरलो, हे मला फार बोचतं.

त्यातली स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक घरात सगळ्यात आधी मारली जाते. कुत्र्याला फिरायला नेतात आणि फोनवर बोलत फरफटत आणतात. त्याला हुंगायचं असतं. एका खांबाशी बंड्या तीन मिनिटं उभा राहतो, तो त्याचा पेपर आहे. तो वाचून होईपर्यंत मी उभी राहते. त्याची घाण उचलायला माझ्या खिशात खराखुरा जुना पेपर असतो, कारण ज्या शेजाऱ्याच्या चपलेला ती लागते त्याचा कुत्र्यांवर राग का असू नये? रेबीजची लस दरवर्षी, वेळच्या वेळी.

पोपटाबद्दल दोन ओळी. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि नशीब उघडतं म्हणून पाण्याच्या टबात ठेवलेलं तारांकित कासवही. 'विठू विठू' म्हणायला शिकवलेला पोपट रानातून पिल्लू असताना काढलेला असतो. यात पालकत्वाचं काही नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या. मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला लॅब्राडॉर घ्यायचा होता, कुठे चांगला मिळेल? मी म्हटलं, आधी पंधरा दिवस एखादा सांभाळून बघा. ओळखीच्या एका शेल्टरमधून सात वर्षांची एक गावठी कुत्री त्यांच्याकडे फॉस्टरला आणून दिली. तिला सोडून तिचं कुटुंब परदेशी गेलं होतं. पहिले तीन दिवस मुलगा पहाटे सहाला उठला. चौथ्या दिवशी पांघरूण डोक्यावर ओढून झोपला. वहिनी वैतागल्या, कुत्री परत जाणार असं मी धरूनच चालले होते. पाचव्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये आजोबा भेटले, मफलर, काठी, हातात पट्टा. ती अजून त्यांच्याकडेच आहे. मुलगा अजून झोपतो.